वार्धक्यांतील खिन्नता व मेंदूचें चित्र

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरांतील वृद्ध माणसाकडे तुम्हीं कधीं लक्ष लावून पाहिलें आहे काय? समजा, एका घरांत सत्तर वर्षांचे आजोबा आहेत. पहांटे उठून अंगणांत फेऱ्या मारणें, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणें, नातवंडांचीं गणितें तपासणें, रविवारीं सर्वांच्या आधीं तयार होऊन प्रार्थनेस निघण्याची घाई करणें, हा त्यांचा नित्याचा क्रम. एका पावसाळ्यानंतर हा क्रम हळूहळू मोडूं लागतो. वर्तमानपत्राची घडी उलगडली जात नाहीं. जेवतांना घांस हातांतच राहतो. कोणी कांहीं विचारलें तर उत्तर येतें, पण फार वेळानें आणि एकाच शब्दाचें. आजोबा रडत नाहींत, तक्रार करीत नाहींत. नुसते खिडकीपाशीं बसून राहतात.

घरांत ह्याचीं तीन उत्तरें दिलीं जातात. एक जण म्हणतो, "वय झालें; असें व्हायचेंच." दुसरा म्हणतो, "स्वभावच हट्टी झाला आहे. मनांत आणतील तर सर्व करतील." तिसरा हलक्या आवाजांत म्हणतो, "देवावरचा भरंवसा डळमळला असावा." ह्या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे, ती ही कीं, तीं ऐकल्यावर कोणी कांहींच करीत नाहीं. पहिलें उत्तर आशा सोडावयास सांगतें. दुसरें आणि तिसरें आजोबांसच दोष देतें.

गेल्या चाळीस वर्षांत ह्या प्रश्नाचें एक चौथें उत्तर पुढें आलें आहे. जिवंत माणसाच्या डोक्यास कोठेंही न कापतां त्याच्या मेंदूचें चित्र काढण्याची विद्या शास्त्रज्ञांस साध्य झाली, आणि वृद्धांच्या मेंदूंत त्यांना असें कांहीं दिसलें कीं, ज्यामुळें त्या खिडकीपाशीं बसलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टीच बदलावी. तें काय आहे व त्याचा अर्थ किती लावावा, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दुःख आणि नैराश्याचा विकार ह्या दोन वस्तु एक नव्हेत. पत्नी वारली, मित्र गेले, नोकरी संपली, तर मन दुखावतें. तें दुःख स्वाभाविक आहे, आणि बहुधा दिवस जातील तसें तें सौम्य होत जातें. परंतु ज्यास वैद्य डिप्रेशन किंवा नैराश्याचा विकार म्हणतात त्यांत निदान दोन आठवडे, रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास तरी असतें किंवा कशांतही गोडी वाटेनाशी तरी होते. त्याच्या जोडीला झोंप बिघडते, भूक बदलते, थकवा येतो, विचार मंदावतो, आपण निरुपयोगी आहों असें वाटूं लागतें, आणि कित्येकदां मरणाचे विचार येतात. वृद्धांमध्यें हा विकार पुष्कळदां वेष पालटून येतो. तरुण मनुष्य "मी दुःखी आहें" असें सांगतो. वृद्ध मनुष्य तें सांगत नाहीं. तो अंगदुखीची तक्रार करतो, विसराळू होतो, मंद होतो, किंवा आमच्या आजोबांप्रमाणें गप्प होतो. ही स्थिति म्हातारपणाचा अटळ भाग नव्हे. बहुसंख्य वृद्ध माणसांना हा विकार होत नाहीं. म्हणून ज्यांना होतो त्यांच्या बाबतींत "वय झालें" हें उत्तर पुरें पडत नाहीं.

आतां मेंदूकडे वळूं. मनुष्याच्या मेंदूचें वजन सुमारें १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण पन्नासावा भाग. असें असूनही शरीर विसाव्यांत असतांना जो प्राणवायु वापरतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. मेंदू कापून पाहिला तर त्यांत दोन रंग दिसतात. बाहेरची साल करड्या रंगाची आणि आंतील गाभा पांढरट. व्हेसालियस ह्या शरीरशास्त्रज्ञानें १५४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांतील आकृतींत हा भेद दाखविला होता. करड्या भागांत मज्जापेशींचीं शरीरें असतात. विचार, स्मरण, भावना ह्यांचीं कामें तेथें चालतात. पांढरा भाग म्हणजे ह्या पेशींपासून निघालेल्या लांब लांब मज्जातंतूंच्या जुड्या. एखाद्या जिल्ह्यांत करडीं ठिकाणें म्हणजे कचेऱ्या मानिल्या, तर पांढरा भाग म्हणजे त्यांना जोडणारे रस्ते होत. ह्या पांढऱ्या भागास आपण श्वेतद्रव्य म्हणूं.

ह्या तंतूंना पांढरा रंग येतो तो त्यांच्यावरील स्निग्ध आवरणामुळें. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टण, तसें हें आवरण असतें. फिर्खो ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८५४ सालीं त्यास मायलिन हें नांव दिलें. हें आवरण असलेल्या जाड तंतूंतून संदेश सेकंदास शंभर मीटरपर्यंत धांवूं शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंतून तो एकदोन मीटरच सरकतो. डेन्मार्कमधील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणें वीस वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूंतील अशा आवरणयुक्त तंतूंची एकूण लांबी सुमारें १,७६,००० किलोमीटर भरते. स्त्रीच्या मेंदूंत ती सुमारें १,४९,००० किलोमीटर असते. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे हें तुम्ही भूगोलांत शिकलांच आहां. तेव्हां एका माणसाच्या डोक्यांतील तार पृथ्वीला चार वेळां गुंडाळतां येईल! त्याच संशोधकांना असेंही आढळलें कीं, ही लांबी दर दहा वर्षांस सुमारें दहा टक्क्यांनीं कमी होत जाते.

ह्या रस्त्यांपैकीं कांहीं रस्ते आपल्या विषयाच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचे आहेत. कपाळामागें मेंदूचा जो पुढचा भाग आहे तो बेत आंखतो, कामाला आरंभ करतो, नको तो विचार आवरतो. मेंदूच्या खोल भागांत भावना, भीति, आनंद आणि हुरूप ह्यांच्याशीं संबंध असलेलीं केंद्रें आहेत. पुढच्या भागाची व ह्या खोल केंद्रांची सतत देवघेव चालूं असते. मनांत "फिरावयास जावें" असें येणें, उठणें, चपला घालणें, आणि फिरून आल्यावर बरें वाटणें, ह्या साध्या गोष्टीलाहि ते सर्व रस्ते खुले असावे लागतात. रस्ता खचला तर दोन्ही टोकांच्या कचेऱ्या शाबूत असूनही काम अडतें.

परंतु जिवंत माणसाच्या डोक्यांतील रस्ता खचला आहे कीं नाहीं हें पाहावें कसें? राँटगेन ह्यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लाविला, तेव्हां हाडें दिसूं लागलीं. पण मेंदू हा मऊ अवयव हाडांच्या पेटींत बंद, त्यामुळें साध्या क्ष-किरणचित्रांत कवटी दिसे आणि आंतील रहस्य तसेंच राही. पुढें गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्यानें अनेक दिशांनीं क्ष-किरण सोडून, गणकयंत्राच्या साहाय्यानें त्यांचा हिशेब जुळवून, डोक्याच्या आडव्या कापाचें चित्र तयार केलें. ता. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत एका रोगी स्त्रीच्या मेंदूचें असें पहिलें चित्र घेतलें गेलें. हेंच तें सी. टी. स्कॅन. ह्या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व कॉर्मॅक ह्यांस १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

श्वेतद्रव्यांतील बारीक फरक पाहण्यास मात्र ह्याहून सूक्ष्म साधन हवें होतें, आणि तें क्ष-किरणांनीं नव्हे तर चुंबकानें मिळालें. आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आहे आणि पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु आहेत. ह्या अणूंचें केंद्र एखाद्या चिमुकल्या लोहचुंबकासारखें वागतें. माणसाला प्रबळ चुंबकाच्या बोगद्यांत निजविलें म्हणजे ह्या असंख्य सूक्ष्म चुंबकांपैकीं थोडे अधिक त्या मोठ्या चुंबकाच्या दिशेनें वळून राहतात. मग रेडिओच्या लहरींचा एक हलका धक्का देऊन त्यांना डळमळवितात. धक्का थांबला कीं ते पूर्वस्थितीवर येऊं लागतात आणि येतां येतां स्वतः एक मंद रेडिओ-लहर सोडतात. पाणी कोठें मोकळें आहे, कोठें पेशींत बांधलेलें आहे, ह्याप्रमाणें परत येण्यास लागणारा वेळ निराळा असतो. त्या लहरी टिपून गणकयंत्र चित्र रचतें. पॉल लॉटरबर ह्यांनीं १९७३ सालीं ह्या रीतीनें काढलेलें पहिलें चित्र मेंदूचें नव्हतें, तर पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें होतें! लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड ह्यांस ह्या शोधाबद्दल २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या रीतीस चुंबकीय अनुनाद चित्रण किंवा एम्. आर्. आय्. म्हणतात. आज रुग्णालयांतील पुष्कळ यंत्रांत दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचा चुंबक असतो. तीन टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें साठ हजार पट. म्हणूनच त्या खोलींत लोखंडी वस्तु नेण्याची सक्त मनाई असते. यंत्र मोठ्यानें ठक्‌ठक् वाजतें, परंतु वेदना होत नाहींत व क्ष-किरणांचाहि संबंध येत नाहीं.

ह्या चित्राचा एक विशेष प्रकार असा आहे कीं, त्यांत मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव काळा दिसतो, निरोगी श्वेतद्रव्य काळसर करडें दिसतें, आणि जेथें मेंदूचा पोत सैल होऊन पाण्याचा अंश वाढला आहे तेवढी जागा शुभ्र चमकते. म्हणजे गंमत अशी कीं, जें द्रव्य नांवानें श्वेत तें ह्या चित्रांत काळसर, आणि त्यांतील बिघाड तेवढा पांढरा! वृद्धांचीं अशीं चित्रें काढूं लागल्यावर वैद्यांना श्वेतद्रव्यांत पांढरे ठिपके व पट्टे आढळूं लागले. व्लादिमीर हाचिन्स्की ह्यांनीं १९८७ सालीं ह्या बदलास ल्युकोअरायोसिस हें नांव प्रचारांत आणलें. ग्रीक भाषेंतील त्याचा अर्थ "पांढऱ्याचें विरळ होणें" असा आहे. त्याच वर्षीं फ्रान्झ फाझेकास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या ठिपक्यांस गुण देण्याची एक सोपी रीत सांगितली: मुळींच नसल्यास शून्य, तुरळक ठिपके असल्यास एक, ते एकमेकांस भिडूं लागले असल्यास दोन, आणि मिसळून मोठे पट्टे झाले असल्यास तीन. आजही वैद्य हीच रीत वापरतात.

हे ठिपके कां पडतात? ज्यांच्या घरीं पाटाच्या पाण्यावर शेती आहे त्यांस हें चटकन् समजेल. पाट भरून वाहतो तेव्हां सर्वांना पाणी मिळतें. पण पाणी कमी झालें किंवा चारी गाळानें बुजूं लागली, तर पहिला फटका बसतो तो अगदीं शेवटच्या शेताला. मेंदूच्या खोल भागांतील श्वेतद्रव्य हें असेंच शेवटचें शेत आहे. त्याला रक्त पोंचविणाऱ्या वाहिन्या फार बारीक व लांब असतात, आणि एक बंद पडली तर शेजारची तिच्या मदतीला येऊं शकेल अशा जोडवाटा तेथें फारशा नसतात. वर्षानुवर्षें रक्तदाब चढलेला राहिला, मधुमेह आटोक्यांत नसला, तंबाखूचा धूर ओढण्याचें व्यसन असलें, तर ह्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, आंतील वाट अरुंद होते, आणि शेवटच्या शेताची तहान भागत नाहीं. तंतूंवरील मायलिनचें आवरण झिजतें. आणि तीच जागा चित्रांत पांढरी दिसते.

आतां मुख्य मुद्दा. ह्या ठिपक्यांचा व नैराश्याचा कांहीं संबंध आहे काय? हॉलंडांतील रॉटरडॅम येथील प्रसिद्ध पाहणींत ६० ते ९० वर्षे वयाच्या १,०७७ नागरिकांच्या मेंदूंचीं चित्रें घेण्यांत आलीं. हे रुग्णालयांतून निवडलेले रोगी नव्हते, तर सामान्य रहिवासी होते. त्यांपैकीं ज्यांच्या मेंदूंत एकही ठिपका नव्हता असे शेंकडा पांचच निघाले. परंतु २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्याच पाहणीच्या वृत्तांतांत असें दिसून आलें कीं, ज्यांच्यांत बिघाड तीव्र होता त्यांच्यांत नैराश्याचीं लक्षणें असण्याचा संभव, बिघाड सौम्य किंवा मुळींच नसलेल्यांच्या मानानें, तिपटीपासून पांचपटीपर्यंत अधिक होता. शिवाय ज्यांच्या खोल श्वेतद्रव्यांत बिघाड तीव्र होता त्यांच्यांत, साठीनंतर पहिल्यानें नैराश्य आल्याचा पूर्वेतिहासही अधिक आढळला. तारुण्यांत आलेला विकार आणि उतारवयांत प्रथमच आलेला विकार ह्यांचीं मुळें कांहीं अंशीं निराळीं असावींत, असें ह्यावरून वाटतें.

येथें एक शंका घेतां येईल. ठिपके आधीं कीं नैराश्य आधीं? युरोपांतील अनेक देशांच्या वैद्यांनीं मिळून लेडिस नांवाची एक पाहणी केली. तींत स्वतःचे व्यवहार स्वतः करणाऱ्या वृद्धांच्या मेंदूंचीं चित्रें आरंभीं घेऊन पुढें तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेविलें. आरंभीं ज्यांच्या श्वेतद्रव्यांत बदल अधिक, त्यांच्यांत पुढें नैराश्याचीं लक्षणें अधिक, असें तींत दिसलें. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील संशोधकांनीं तर मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंची सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा केली. ज्यांना जिवंतपणीं नैराश्याचा विकार झाला होता त्यांच्या खोल श्वेतद्रव्यांतील सर्व ठिपके रक्तपुरवठा तुटल्यामुळें झालेले होते. ज्यांना तो विकार झाला नव्हता त्यांच्या ठिपक्यांपैकीं एकतृतीयांशाहून कमी तसे होते. हें संशोधन २००२ सालीं प्रसिद्ध झालें. तत्पूर्वीं १९९७ सालींच अमेरिकेंतील ॲलेक्सोपुलोस आणि कृष्णन् ह्यांनीं आपापल्या सहकाऱ्यांसह असें मत मांडिलें होतें कीं, उतारवयांतील कांहीं नैराश्य हें मूलतः रक्तवाहिन्यांच्या विकारांतून उद्भवतें. पुढील संशोधनानें त्या मतास पुष्कळ आधार दिला.

ठिपका दिसतो तो बिघाड बराच झाल्यावर. त्याच्या आधींचा बिघाड पाहण्याचीही युक्ति निघाली आहे. पाण्याचे कण कधीं स्वस्थ बसत नाहींत, ते सतत इकडे तिकडे धडपडत असतात. मोकळ्या भांड्यांत ते सर्व दिशांनीं सारखेच सरकतात. परंतु ज्वारीच्या ताटांची घट्ट बांधलेली पेंढी पाण्यांत ठेविली तर तिच्यामधील पाणी ताटांच्या लांबीच्या दिशेनें सहज सरकेल, आडवें सरकावयास त्यास अडथळा होईल. मज्जातंतूंची जुडी ही अशीच पेंढी होय. एम्. आर्. आय्. च्या यंत्रानें पाण्याच्या ह्या सरकण्याची दिशा मोजतां येते. बॅसर, मॅटिएलो व ल बिहान ह्यांनीं १९९४ सालीं तिचें गणित बसविलें. पाणी सर्व बाजूंनीं सारखेंच सरकत असेल तर शून्य, आणि एकाच दिशेनें सरकत असेल तर एक, असा ह्या मापाचा क्रम आहे. तंतु शाबूत असले कीं आंकडा मोठा येतो. आवरण झिजून पेंढी सैल झाली कीं तो उतरतो. नैराश्यानें पीडित वृद्धांचा समूह व निरोगी वृद्धांचा समूह ह्यांची तुलना करितां, पुढच्या भागांतील श्वेतद्रव्यांत, तसेंच पुढच्या भागास कानशिलामागील भागाशीं जोडणाऱ्या अंकुशाकार जुडींत हा आंकडा उतरलेला अनेक संशोधकांना आढळला आहे. साध्या चित्रांत जेथें ठिपका नाहीं तेथेंही हा उतार दिसूं शकतो. म्हणजे रस्ता खचण्यापूर्वीं त्यावर पडलेली पहिली भेग आपण पाहूं शकतों.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग आजोबांचें एक चित्र काढा, ठिपके मोजा, आणि निदान करा." मित्रांनो, येथेंच फार सावध असलें पाहिजे. चित्र म्हणजे निकालपत्र नव्हे. रॉटरडॅमचा आंकडा आठवा: शंभरांपैकीं पंचाण्णव वृद्धांच्या मेंदूंत कोठें ना कोठें ठिपका होताच, आणि त्यांतील बहुतेक आनंदानें आपले व्यवहार करीत होते. उलटपक्षीं, ज्यांचें चित्र निर्मळ आहे अशांनाही नैराश्याचा विकार होतो. शेंकडों माणसांची सरासरी काढली असतां जो नियम दिसतो तो एका विशिष्ट माणसास जसाचा तसा लावतां येत नाहीं. वर्गाची सरासरी उंची कळल्यानें तुमच्या शेजारच्या मुलाची उंची कळत नाहीं, तसेंच हें आहे. एकटेपणा, जोडीदाराचा वियोग, ऐकूं न येणें, दीर्घ आजार, पैशाची ओढ, हीं कारणेंही तितकींच खरीं आहेत. शिवाय नैराश्यांत बुडालेला मनुष्य औषध वेळेवर घेत नाहीं, चालणें सोडतो, खाण्यापिण्याकडे दुर्लक्ष करतो. त्यामुळें रक्तवाहिन्यांची हानि वाढते, आणि हें चक्र उलट दिशेनेंही फिरूं लागतें.

म्हणून नैराश्याचें निदान आजही चित्रावरून होत नाहीं, तें माणसाशीं बोलूनच होतें. वृद्धांसाठीं येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तीस साध्या प्रश्नांची एक यादी तयार केली. तिचीं उत्तरें केवळ "होय" किंवा "नाहीं" अशीं द्यावयाचीं असतात. कोट्यवधि रुपयांच्या चुंबकाला जें विचारतां येत नाहीं तें समोर बसलेला, ऐकून घेणारा मनुष्य विचारूं शकतो. चित्राचा उपयोग गांठ किंवा पक्षाघात यांसारखें दुसरें कारण नाहीं ना हें पाहण्यास होतो, आणि रक्तवाहिन्यांकडे लक्ष द्या अशी सूचनाही त्यांतून मिळते.

मग उपाय काय? पहिली आनंदाची गोष्ट ही कीं, वृद्धांतील नैराश्य उपचारांनीं बरें होऊं शकतें. वैद्य प्रथम रक्ततपासणी करून थायरॉइड ग्रंथि मंदावली आहे काय, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलें आहे काय, चालूं असलेल्या एखाद्या औषधाचा हा परिणाम आहे काय, हें पाहतात. कारण हीं कारणें दूर होण्यासारखीं असतात. नंतर औषधें असतात व संभाषणाचे उपचारही असतात. ज्यांच्या मेंदूचा पुढचा भाग मंदावला आहे अशा वृद्धांना औषधाचा गुण कधीं कधीं उशिरां व कमी येतो. अशांसाठीं अमेरिकेंत एक रीत कसोटीला लाविली गेली. रोग्याच्या मनावरील डोंगराएवढ्या ओझ्यांतून एकच लहान अडचण निवडावयाची, तिच्यावरचे चारदोन उपाय त्यालाच सुचवूं द्यावयाचे, त्यांतील एक पुढल्या आठवड्यांत करून पाहावयाचा, आणि पुन्हां भेटून काय झालें तें तपासावयाचें. बारा आठवड्यांच्या ह्या शिकवणीनें, केवळ सहानुभूतीनें ऐकून घेण्याच्या मानानें, अधिक वृद्ध बरे झाले. हा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. आपोआप जी वाट चालेना ती पायरी पायरीनें चालावयास शिकविली, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय?

दुसरा उपाय रक्तवाहिन्यांचा. अमेरिकेंतील स्प्रिंट नांवाच्या मोठ्या प्रयोगांत, मधुमेह नसलेल्या परंतु रक्तदाब चढलेल्या पन्नाशीपुढील माणसांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा रक्तदाब १४० च्या खालीं व दुसऱ्याचा १२० च्या खालीं आणण्याचें उद्दिष्ट होतें. त्यांतील कांहीं जणांच्या मेंदूंचीं चित्रें सुमारें चार वर्षांच्या अंतरानें दोनदां घेतलीं. पहिल्या गटांत पांढऱ्या ठिपक्यांचें आकारमान सरासरीनें १.४५ घन सेंटिमीटर वाढलें, तर दुसऱ्या गटांत ०.९२ घन सेंटिमीटरच वाढलें. हा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. ठिपके पुसले गेले नाहींत, पण त्यांची वाढ मंदावली. ही मोजणी ठिपक्यांची होती, मनाच्या स्थितीची नव्हे. आणि कोणाचा रक्तदाब किती खालीं आणावा हें ज्याच्या त्याच्या वैद्यानेंच ठरवावयाचें असतें, कारण वृद्धांत तो फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याचें भय असतें. तथापि पाटाची चारी बुजूं न देणें आपल्या हातीं आहे, एवढें ह्यावरून निश्चित होतें. पालकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. सत्तराव्या वर्षीं जो ठिपका दिसतो त्याचा आरंभ पुष्कळदां पन्नाशीच्या आंतच, न मोजलेल्या रक्तदाबांत झालेला असतो. आणि मुलांनो, जो पहिली विडी ओढीत नाहीं, तो आपल्या म्हातारपणच्या मेंदूवर आजच उपकार करतो.

एक गोष्ट गांभीर्यानें सांगितली पाहिजे. वृद्ध मनुष्य "आतां जगणें पुरें झालें", "मी तुम्हांला भार झालों" असें वारंवार बोलूं लागला तर तें म्हातारपणचें बोलणें म्हणून सोडून देऊं नये. त्यास एकटें ठेवूं नये, विलंब न लावितां वैद्याकडे न्यावें. भारत सरकारनें ता. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं टेलि-मानस नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां मनाच्या विकारांविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो.

आतां त्या तिसऱ्या उत्तराकडे वळूं, कारण आमच्यासारख्या शाळेंत त्याचा विचार टाळतां येत नाहीं. नैराश्य हें श्रद्धेच्या अभावाचें फळ आहे काय? पवित्र शास्त्रांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळविलेला हा पुरुष रानांत जाऊन एका झुडुपाखालीं बसतो आणि मरण मागतो. त्या वेळीं देव त्याची कानउघाडणी करीत नाहीं. देवदूत त्यास स्पर्श करून उठवितो, भाकर व पाणी देतो, आणि पुन्हां निजूं देतो. प्रवास लांबचा आहे हें ओळखून त्यास दुसऱ्यांदा खाऊं घालतो. उपदेश मागाहून येतो, सेवा आधीं येते. खचलेल्या माणसाशीं कसें वागावें ह्याचा ह्याहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं.

तेव्हां खिडकीपाशीं बसलेल्या आजोबांना "मन घट्ट करा" असें सांगूं नका. ज्याच्या पायाचें हाड मोडलें आहे त्यास आपण "नीट चाला" असें म्हणत नाहीं. त्यांच्या मेंदूंतील एखादा रस्ता खचला असेल किंवा नसेल. तें पाहणें वैद्याचें काम आहे, आणि त्यांच्यापर्यंत आजोबांस नेणें तुमच्या आईवडिलांचें काम आहे. तुमचें काम त्याहून सोपें आहे. त्यांच्याजवळ जाऊन बसा. उत्तरास वेळ लागला तर थांबा. संदेश लांबच्या वाटेनें येत आहे असें समजा. संध्याकाळीं त्यांच्या चपला त्यांच्या पुढें ठेवा आणि अंगणाच्या कडेपर्यंत त्यांच्याबरोबर चाला. उद्यां फाटकापर्यंत चाला. आणि कधीं तरी, तुम्हांला येत असलेंच तरी, एखादें गणित घेऊन त्यांच्याकडे जा.